गाळपाचं गणित आणि परतणारं रॉकेट

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास जळत्या गोळ्यांची एक रांग आकाशातून सरकत गेली. मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या गावांतून, खानदेशातून आणि विदर्भातून हजारो लोकांनी ती पाहिली. कोणाला उल्का वाटली, कोणाला विमान पेटल्यासारखं वाटलं. मोबाइलवर चित्रफिती फिरू लागल्या तोवर चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीच्या शिवारात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं होतं. पुढच्या दिवसांत आसपासच्या गावांतून धातूचे गोळेही सापडले. चीनच्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा, ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं होतं, असा अंदाज खगोल अभ्यासक जोनाथन मॅक्डॉवेल यांनी मांडला.

म्हणजे काही मिनिटं जळलेलं, कोट्यवधींचं एक यंत्र वर्षभर पृथ्वीभोवती घिरट्या घालत राहिलं आणि शेवटी भंगार होऊन शेतात पडलं. यात चीनचं विशेष काही नाही. १९५७ पासून सगळ्यांनीच रॉकेटं अशीच वापरली: एकदा पेटवायची आणि फेकून द्यायची. समुद्राचा तळ अशा टप्प्यांनी भरला आहे. त्यातला एखादा तुकडा चुकून लाडबोरीसारख्या गावात पडला की बातमी होते, एवढंच.

गेल्या दहा वर्षांत चित्र पालटलं. अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन ९ रॉकेट पहिला टप्पा उभाच्या उभा परत उतरवतं, तपासतं आणि पुन्हा उडवतं. ते पाहून आपल्याकडेही प्रश्न आला, इस्रो हे कधी करणार? वर्तमानपत्रांत, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनांत, साक्रीच्या बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवरही हा प्रश्न निघतो, आणि बहुतेक वेळा त्याचं रूप 'जमेल का?' असं असतं. मला वाटतं, हा प्रश्न अपुरा आहे. जमेल. खरा प्रश्न 'परवडेल का?' हा आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला साक्री ही वाईट जागा नाही.

सुरत-धुळे महामार्गावरच्या साक्रीजवळ, भाडणे इथं पांझराकान सहकारी साखर कारखाना आहे. पांझरा आणि कान या तालुक्यातल्या दोन नद्या, त्यांची नावं जोडून कारखान्याचं नाव. हा कारखाना वर्षानुवर्षं बंद राहिला. तो का बंद पडला याची प्रत्येकाची यादी वेगळी असते आणि त्या वादात मला शिरायचं नाही. पण साखर कारखाना कशावर जगतो हे ऊस पिकवणाऱ्या कोणत्याही तालुक्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तो जगतो गाळपावर. मिल, बॉयलर, टर्बाइन, बाष्पीभवनाची भांडी, हे सगळं एकदाच उभं करायचं आणि पन्नास वर्षं वापरायचं. पट्टा पडला, हंगाम संपला, की पावसाळ्याआधीपासून ऑफ-सीझनची कामं सुरू. रोलर खोलायचे, झिजलेल्या दातांवर वेल्डिंगचा थर चढवायचा, बेअरिंग बदलायची, बॉयलरच्या नळ्या तपासायच्या. हंगामी कामगारांना घरी बसल्याचाही भत्ता द्यावा लागतो. हा सगळा खर्च ऊस आला तरी होतो आणि नाही आला तरी होतो. पाच लाख टन गाळप झालं तर तो टनामागे विरघळून जातो. लाखभर टनच झालं तर तोच खर्च कारखान्याच्या मानगुटीवर बसतो.

परत वापरता येणारं रॉकेट म्हणजे असाच कारखाना. फेकून द्यायचं रॉकेट हा माल असतो, जेवढी मागणी तेवढी बनवावीत. परतणारं रॉकेट ही यंत्रसामग्री आहे. ती बांधायला महाग, राखायला महाग, आणि तिला ऊस लागतो. अवकाशात ऊस म्हणजे उपग्रह.

हे अमेरिकेला सगळ्यात आधी आणि सगळ्यात महागात कळलं. १९७२ मध्ये स्पेस शटलचा निर्णय झाला तेव्हा एका उड्डाणाला सुमारे एक कोटी डॉलर लागतील, असं नासाने सांगितलं होतं. त्यामागचं गृहीतक असं की शटल वर्षाला पन्नास-साठ वेळा उडेल. प्रत्यक्षात सर्वाधिक उड्डाणं झाली १९८५ मध्ये, ती नऊ. १९८१ ते २०११ या तीस वर्षांत एकूण १३५. कार्यक्रमाचा सगळा खर्च या संख्येने भागला तर एका उड्डाणाला सुमारे दीडशे कोटी डॉलर पडतात. महागाईचा हिशेब धरला तरी मूळ आश्वासनाशी याचा काही मेळ बसत नाही.

असं का झालं? यान परत येत होतं, हे खरं. पण प्रत्येक वेळी ते जवळपास खोलावं लागत होतं. त्याच्या अंगावर उष्णतेपासून वाचवणाऱ्या चोवीस हजारांच्या आसपास टाइल्स होत्या, बहुतेकींचा आकार वेगळा, आणि त्या माणसांनी हाताने तपासायच्या. मुख्य इंजिनं बराच काळ दर उड्डाणानंतर उतरवून तपासली जात. बाहेरची केशरी टाकी तर दर वेळी फेकूनच दिली जाई. बाजूची दोन घन इंधनाची बूस्टर्स पॅराशूटने अटलांटिकमध्ये पडत. 'लिबर्टी स्टार' आणि 'फ्रीडम स्टार' नावाची दोन जहाजं ती ओढून आणत. मग खाऱ्या पाण्यातून निघालेलं पोलाद धुवायचं, सुटं करायचं, रेल्वेने यूटा राज्यात पाठवायचं, तिथं पुन्हा इंधन भरायचं. हाती लागायचं काय, तर मुख्यतः पोलादी नळकांडं आणि काही सुटे भाग. या उठाठेवीत खरोखर किती बचत झाली याबद्दल अभियंते आजही वाद घालतात. नासाचा स्वतःचा कौल मात्र बोलका आहे. शटलनंतर एसएलएस हे नवं महारॉकेट बनवलं, त्यात शटलच्याच बूस्टर्सचे आणि इंजिनांचे वारस वापरले, पण परत आणायची भानगड सोडून दिली. नोव्हेंबर २०२२ च्या आर्टेमिस १ मोहिमेत शटलवर पूर्वी उडून आलेली इंजिनं पुन्हा उडाली आणि कायमची समुद्रात गेली. फेकून देण्यासाठी वापरलेली जगातली सगळ्यात उंची जुनी इंजिनं असावीत ती.

फाल्कन ९ ने वेगळी वाट धरली आणि ती अर्थशास्त्राच्या अंगाने शहाणपणाची होती. सगळं परत आणायचा हट्ट नाही. दुसरा टप्पा सोडून द्यायचा. पहिला टप्पा साधारण अडीच मिनिटं जळून वेगळा होतो तेव्हा त्याचा वेग ताशी आठ हजार किलोमीटरच्या आसपास असतो. कक्षेत पोहोचणाऱ्या दुसऱ्या टप्प्याचा वेग सत्तावीस हजारांच्या घरात. वेग साडेतीनपटही नाही, पण जिरवायची ऊर्जा अकरापट. म्हणून पहिला टप्पा थोडं इंधन राखून, इंजिन उलट दिशेने पेटवून खाली उतरू शकतो. दुसऱ्याला शटलसारखं उष्णतेचं चिलखत लागेल आणि वजन वाढत जाईल. पुन्हा, रॉकेटच्या दहा इंजिनांपैकी नऊ पहिल्याच टप्प्यात. एकूण किमतीचा सुमारे साठ टक्के वाटा त्याचाच, असं कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क सांगत आले आहेत. महाग आणि सोपं तेवढं परत आणा, अवघड आणि स्वस्त ते जाऊ द्या, असा हा हिशेब.

२१ डिसेंबर २०१५ रोजी पहिला टप्पा जमिनीवर पहिल्यांदा उतरला. ३० मार्च २०१७ रोजी एसईएस-१० या दूरसंचार उपग्रहासाठी वापरलेला टप्पा पहिल्यांदाच पुन्हा उडाला. आता काही टप्प्यांनी तीसपेक्षा जास्त उड्डाणं केली आहेत. मार्च २०२५ मध्ये तर एक टप्पा उतरल्यापासून नऊ दिवसांत पुन्हा उडाला.

तरीही हिशेब वाटतो तितका सरळ नाही. टप्पा परत आणायचा तर इंधन राखावं लागतं, म्हणजे माल कमी न्यावा लागतो. भूस्थिर उपग्रहांच्या हस्तांतर कक्षेत फाल्कन ९ टप्पा सोडून दिला तर ८.३ टन नेतं, समुद्रातल्या तराफ्यावर उतरवायचा तर साडेपाच टन. म्हणजे तिसरा हिस्सा गेला. ऑगस्ट २०२० मध्ये यावर दोन माणसांत जाहीर खटका उडाला. प्रतिस्पर्धी कंपनी यूएलएचे तेव्हाचे प्रमुख टोरी ब्रुनो यांचं म्हणणं, ताफ्यातल्या प्रत्येक टप्प्याने सरासरी दहा उड्डाणं केली तरच हे परवडतं. मस्क यांचं उत्तर, माल चाळीस टक्क्यांहून कमी घटतो, परत आणून डागडुजी करायला दहा टक्क्यांहून कमी लागतात, त्यामुळे दोन उड्डाणांत बरोबरी आणि तिसऱ्यात नफा.

दोघंही खोटं बोलत नव्हते. कागद-पेन्सिल घेऊन पाहू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, कुणाच्या हिशेबवहीतले नाहीत. एका वेळेच्या रॉकेटची किंमत शंभर धरू: पहिला टप्पा साठ, बाकी चाळीस. परत आणण्याचा आणि डागडुजीचा खर्च दर उड्डाणाला दहा. आणि परत आणल्यामुळे माल शंभराऐवजी सत्तर. एकाच उड्डाणात टप्पा मोडला तर मालाच्या एका मापाला पूर्वीच्या दीडपटीहून जास्त पैसे पडतात. दोन उड्डाणांत साधारण एक पूर्णांक चौदा शतांश. तीन उड्डाणांत बरोबर एक, म्हणजे ना नफा ना तोटा. दहा उड्डाणांत वीस टक्के बचत. वीस उड्डाणांत चोवीस टक्के. त्यापुढे कितीही वेळा उडवा, या आकड्यांत बचत एकोणतीस टक्क्यांच्या पलीकडे जात नाही, कारण दुसरा टप्पा दर वेळी नवाच लागतो. इथपर्यंत मस्क यांची बाजू बरोबर वाटते.

आता कारखान्याचा विचार करा. पहिल्या टप्प्याची किंमत साठ ही वर्षाला दहा-वीस टप्पे बनतात तेव्हाची. प्रत्येक टप्पा दहादा वापरायचा तर दहाऐवजी एकच बनवायचा. पण शेड तीच, यंत्रं तीच, वेल्डर आणि तपासनीस तेच. एका टप्प्याची किंमत साठाची एकशेवीस झाली तर दहा उड्डाणांतली वीस टक्क्यांची बचत अकरा टक्क्यांवर येते. एकशेऐंशी झाली तर तीन टक्के. ब्रुनो यांच्या दहा उड्डाणांच्या अटीमागे अशी चिंता होती. वर्षाला मोजकीच उड्डाणं करणाऱ्या कंपनीचा माणूस तो, त्याला ती दिसणारच.

आणखी एक वळण आहे. बरेच ग्राहक किलोवर पैसे देत नाहीत. उपग्रह तीन टनांचा असेल तर रॉकेट आठ टन नेऊ शकतं की साडेपाच, याने त्याला काय फरक पडतो? उरलेली ताकद तशीही वायाच जाणार होती. अशा वेळी मालातली घट खर्चात धरायचीच नाही, मग दुसऱ्याच उड्डाणात नफा सुरू होतो. म्हणजे उत्तर रॉकेटमध्ये नाहीच. ते ग्राहकाच्या मालात आणि वर्षाच्या उड्डाणसंख्येत आहे.

स्पेसएक्सने हा ऊस कुठून आणला? स्वतःच लावला. २०२४ मध्ये फाल्कन मालिकेची १३४ उड्डाणं झाली आणि त्यातली निम्म्याहून जास्त स्टारलिंक या कंपनीच्याच इंटरनेट उपग्रहांची होती. बाहेरून ऊस कमी पडतो म्हटल्यावर कारखानदारानेच हजारो एकर लागवड केली, असं हे. शटलला असं काही सुचलं नव्हतं, सुचलं असतं तरी सरकारी खात्याला ते करता आलं नसतं.

गंमत अशी की या बचतीतून ग्राहकाच्या हाती फारसं काही लागलं नाही. फाल्कन ९ ची जाहीर किंमत काही वर्षांपूर्वी ६ कोटी २० लाख डॉलर होती, २०२२ मध्ये ती ६ कोटी ७० लाख झाली, पुढे जवळजवळ ७ कोटी. कंपनीला स्वतःला एका उड्डाणाला जो वाढीव खर्च येतो तो मस्क यांनी २०२० मध्ये दीड कोटी डॉलर सांगितला होता. मधला फरक स्टारलिंक आणि पुढची रॉकेटं उभारायला गेला. स्पर्धकच नसेल तर भाव का उतरवावा?

जिथं भाव खरोखर उतरला तिथं त्याची झळ आपल्याला बसली. छोट्या उपग्रहांच्या सामायिक सफरींसाठी स्पेसएक्सने सुरुवातीला दोनशे किलोला दहा लाख डॉलर असा दर लावला. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी पीएसएलव्हीने एकाच वेळी १०४ उपग्रह सोडले, तेव्हा आपण पेढे वाटले होते. त्यातले बहुतेक परदेशी ग्राहकांचे. २४ जानेवारी २०२१ रोजी फाल्कनच्या एका उड्डाणात १४३ गेले. विक्रम मोडल्याचं दुःख नाही, पण छोट्या परदेशी उपग्रहांचा तो धंदा बराचसा तिकडे वळला.

'डागडुजी' म्हटलं की डोळ्यांपुढे पाना-स्क्रू येतात, पण जास्त पैसा आणि वेळ खाते ती तपासणी. कोणता भाग दुरुस्त करायला हवा हे कळलं तर दुरुस्ती फारशी अवघड नसते. कोणता करायला नको, हे ठरवणं अवघड. फाल्कनचे वापरलेले टप्पे रॉकेलच्या काजळीने काळे पडतात. सुरुवातीला ते धुण्यात वेळ जाई, मग लक्षात आलं की धुण्याची बहुतांशी गरजच नाही, आणि काळेच टप्पे उडू लागले. प्रत्येक उड्डाणानंतर अभियंते यादीतली एखादी तपासणी खोडत गेले. पुनर्वापराची खरी कमाई या खोडण्यात आहे. धोकाही त्यातच आहे.

त्याचं उदाहरण भारतीयांच्या जिव्हाळ्याचं आहे. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात जाणार होते. त्यांच्या रॉकेटचा पहिला टप्पा आधी एकदा, एप्रिलमध्ये, उडून आला होता. उड्डाणाआधी जमिनीवर इंजिन पेटवून पाहण्याच्या चाचणीनंतर द्रवरूप ऑक्सिजनची गळती दिसली. स्पेसएक्सचे ज्येष्ठ अधिकारी विल्यम गर्स्टनमायर यांनी पत्रकारांना सांगितलं की ही गळती आधीच्या उड्डाणातही होती आणि डागडुजीत ती पूर्णपणे दुरुस्त झाली नव्हती किंवा सापडलीच नव्हती. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन आणि त्यांचे सहकारी तिथं होते. नीट दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी झाल्याशिवाय उड्डाण नको, असा आग्रह त्यांनी धरला आणि नळीत तडा सापडला, असं नारायणन यांनी नंतर सांगितलं. ११ जूनचं उड्डाण पुढे ढकललं गेलं, शेवटी २५ जूनला शुक्ला गेले. शेकडो उड्डाणांचा अनुभव असलेल्या कंपनीच्या तपासणीतून निसटलेली गोष्ट, स्वतः एकदाही टप्पा परत न आणलेल्या संस्थेच्या हट्टामुळे धसास लागली. याचा अभिमान वाटतो. पण एक व्यवहारी गोष्टही लक्षात घ्यावी लागते. चिकाटीने तपासणारी माणसं ही पुनर्वापराच्या खर्चातली मोठी रक्कम असते आणि ती माणसं आपल्याकडे आहेत.

आपण पुनर्वापर अजिबात केलेला नाही, असंही नाही. कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या धावपट्टीवर 'पुष्पक' हे छोटं पंखांचं यान हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंच नेऊन सोडलं गेलं आणि ते स्वतःहून येऊन उतरलं. असं तीनदा झालं: २ एप्रिल २०२३, २२ मार्च २०२४ आणि २३ जून २०२४. तिसऱ्या वेळी दुसऱ्या चाचणीचंच पंखांचं धड आणि उड्डाणप्रणाली काहीही बदल न करता वापरली होती. मथळे यान अचूक उतरल्याचे झाले. मला पुनर्वापराची ही ओळ जास्त महत्त्वाची वाटली.

१८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या पिढीच्या प्रक्षेपकाला, म्हणजे एनजीएलव्हीला, मंजुरी दिली. ८,२४० कोटी रुपये, ९६ महिने, तीन विकास-उड्डाणं. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत कमाल ३० टन. आजच्या एलव्हीएम३ रॉकेटच्या तिप्पट माल, दीडपट खर्चात, आणि पहिला टप्पा पुन्हा वापरण्याजोगा. जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोटाच्या तिसऱ्या प्रक्षेपण तळासाठी ३,९८५ कोटी मंजूर झाले. त्याच महिन्यात महेंद्रगिरीला विकास इंजिन साठ सेकंद पेटवून बंद केलं, दोन मिनिटांनी सात सेकंद पुन्हा पेटवलं. हवेतून परत येणाऱ्या टप्प्याला नेमकं हेच करावं लागतं.

आता गाळप बघू. २०२४ मध्ये भारतातून झालेली कक्षीय उड्डाणं पाच. त्यातली तीन पीएसएलव्हीची, एक जीएसएलव्हीचं, एक छोट्या एसएसएलव्हीचं. एलव्हीएम३, आपलं सगळ्यात ताकदवान रॉकेट, त्या वर्षी एकदाही उडालं नाही. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपला जीसॅट-एन२ हा ४,७०० किलोंचा उपग्रह अमेरिकेतून फाल्कन ९ ने गेला, कारण एलव्हीएम३ ची त्या कक्षेतली क्षमता चार टनांच्या आसपास. तो नेणारा पहिला टप्पा अर्थातच आधी अनेकदा उडून आलेला होता. आपला ऊस शेजारच्या कारखान्यात गेला.

८,२४० कोटींचा भार उड्डाणांवर वाटू. नवं रॉकेट वीस वर्षं वापरलं, वर्षाला पाच उड्डाणं झाली, तर प्रत्येक उड्डाणावर फक्त विकासखर्चाचे ८२ कोटी बसतात. वर्षाला वीस झाली तर २१ कोटींच्या आत. तुलनेसाठी, वनवेब या कंपनीचे ७२ उपग्रह दोन एलव्हीएम३ उड्डाणांत सोडण्याचा करार हजार कोटींहून थोडा जास्त होता. सरकार विकासखर्च ग्राहकाकडून वसूल करणार नाही, तो राष्ट्रीय कार्यक्रमात धरला जाईल, हे मान्य. तरी वर्षाला पाच उड्डाणं म्हटली की दहादा वापरता येणारा एक टप्पा दोन वर्षं पुरतो. मग टप्पे बनवणारा कारखाना दोन वर्षं काय करतो?

हा प्रश्न युरोपात २०१८ मध्ये उघडपणे विचारला गेला. एरियानग्रुपचे तेव्हाचे प्रमुख अलँ शार्मो यांनी एका जर्मन साप्ताहिकाला सांगितलं की वर्षाला दहा उड्डाणं आणि दहादा वापरता येणारं रॉकेट असेल तर आम्ही वर्षाला एकच रॉकेट बांधू, मग कामगारांना काय सांगू, पुढच्या वर्षी भेटू म्हणून? त्यांची खूप टिंगल झाली. जुन्या काळातला माणूस, म्हणाले लोक. टिंगल करणाऱ्यांत मीही असतो, पण वालचंदनगरचा विचार आला की हसू येत नाही.

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची पोलादी आवरणं बनत आली आहेत. दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर व्यासाची, मॅरेजिंग पोलादाची, ज्यांत १३९ टन घन इंधन भरतात. एलव्हीएम३ च्या दोन्ही बाजूंच्या बूस्टर्सची आवरणंही. सत्तरच्या दशकापासून हा कारखाना इस्रोशी जोडलेला आहे, आणि तोच साखर कारखान्यांची यंत्रंही बनवत आला आहे. विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिन बनतं. पुण्याच्या वसंत गोवारीकरांसारख्या शास्त्रज्ञांनी घन इंधनाचं जे तंत्र देशात रुजवलं, त्यावर आपली अर्धी अवकाशविद्या उभी आहे. घन इंधन स्वस्त, साठवायला सोपं, विश्वासार्ह. पण एकदा पेटलं की संपेपर्यंत जळतं. मध्येच बंद करून पुन्हा पेटवता येत नाही, म्हणजे ते इंजिनाच्या जोरावर उभं उतरू शकत नाही. म्हणून एनजीएलव्ही मिथेन आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणार. मिथेन काजळी धरत नाही, डागडुजी सोपी होते. निवड बरोबरच आहे. पण तिचा अर्थ असाही होतो की वर्षागणिक नवं आवरण लागणारी पद्धत मागे पडणार, आणि तिच्या जागी येणाऱ्या कामात बांधणीपेक्षा तपासणी जास्त असेल. वालचंदनगरचा वेल्डर उद्या वापरलेल्या टाकीतला तडा शोधणारा होईल का, त्याला कोण शिकवेल, हे आत्ताच ठरवायला हवं. मंजुरीच्या बातम्यांत मला त्याबद्दल काही दिसलं नाही.

राहता राहिला ऊस. संभाव्य गाळप मोजायचं तर यादी लहान नाही. २०३५ पर्यंत भारतीय अंतरिक्ष स्थानक उभं करायचं उद्दिष्ट आहे, चांद्रमोहिमा आहेत, दिशादर्शक उपग्रह बदलायचे आहेत. संरक्षणासाठी ५२ टेहळणी उपग्रहांच्या योजनेला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, २६,९६८ कोटींची. पण यादीकडे नीट पाहिलं तर एक अडचण दिसते. तीस टनांचं रॉकेट एका वेळी डझनावारी उपग्रह नेईल. ५२ उपग्रह म्हणजे मग किती उड्डाणं? हाताच्या बोटांवर. रॉकेट जितकं मोठं, तितकी उड्डाणं कमी, आणि पुनर्वापराला तर उड्डाणं जास्त हवीत. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी नेमकं हे भोगलं आहे. दैनंदिन गाळपक्षमता वाढवत नेली, ऊस तेवढाच राहिला आणि हंगाम आखडला. २०२४-२५ चा हंगाम राज्यात सरासरी शंभर दिवसही चालला नाही. यंत्रं मोठी, दिवस थोडे, बाकीचं वर्ष डागडुजी आणि व्याज.

यातून सुटायच्या वाटा मला दोनच दिसतात. एक, स्टारलिंकसारखी देशी उपग्रहमाला, ज्यात शेकडो उपग्रह दर काही वर्षांनी बदलावे लागतील. त्यासाठी इस्रोच्या अंदाजपत्रकाबाहेरचा पैसा लागेल आणि हे उपग्रह वापरणारे पैसे देणारे ग्राहक लागतील. दुसरी, परदेशी माल. तिथं फाल्कन आहेच, शिवाय स्पेसएक्सच्याच स्टारशिप रॉकेटचा महाकाय पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये मनोऱ्याच्या बाहूंनी हवेतच झेलला गेला आणि मे २०२५ मध्ये वापरलेला एक टप्पा पुन्हा उडालासुद्धा. ९६ महिन्यांनी, म्हणजे २०३२ च्या आसपास, एनजीएलव्ही तयार होईल तेव्हा बाजारातला भाव ठरवणारे दुसरे कोणी असतील.

एनजीएलव्ही बांधूच नये, असं माझं म्हणणं नाही. स्वतःचे पाच टनांचे उपग्रह दुसऱ्याच्या गाडीने पाठवायची वेळ येऊ नये, एवढंच कारण ते बांधायला पुरेसं आहे, आणि अवकाश स्थानकासाठी ते लागणारच. पण 'पुनर्वापर म्हणून स्वस्त' हे कारण पुढे करायचं असेल, तर प्रक्षेपकाच्या आराखड्याशेजारी दर वर्षाच्या उड्डाणांचं वेळापत्रक ठेवा: कोणता उपग्रह, कोणाचा, कोणत्या वर्षी, पैसे कोण देणार. सहकारी कारखान्याला परवाना देताना कार्यक्षेत्रात ऊस किती, हे सरकार विचारतं. श्रीहरिकोटाच्या बाबतीत हा प्रश्न अजून कोणी मोठ्याने विचारलेला नाही.